भरीव जहाज

माझा धाकटा भाऊ नौदलात भरती झाला, तेव्हा घाटंजीत आमच्या ओळखीच्या कुणीही समुद्र पाहिला नव्हता. मीही नाही. तो कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर काम करायचा आणि त्या अनुभवावरच त्याची निवड झाली. आईनं पाण्यावर चालणारी एकच वस्तू पाहिली होती, पैनगंगेतला डोंगा. माहेरी असताना तो भर पुरात उलटलेला तिनं काठावरून बघितला होता. म्हणून भाऊ पहिली सुटी संपवून गेला, त्याच दिवशी तिनं मला बजावलं, "आता आला का मी त्याले परत जाऊ देत नाही. पेटीले हात तं लावून पाहू दे."

तो करारानं बांधलेला होता. परतला नाही तर शोधत येतील, धरून नेतील, कैद होईल, हे मी तिला दहा वेळा सांगितलं.

"तुरुंगात कोनी बुडत तं नाही ना?" ती म्हणाली.

मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. बोलून भागत नसेल तर करून दाखवायचं, हा माझा स्वभाव. घरात त्याला आडमुठेपणा म्हणत. मी ठरवलं, भावाचं जहाज मापात, हुबेहूब बनवायचं आणि आईसमोर ठेवायचं. डोंगा आणि युद्धनौका यांतला फरक तिला डोळ्यांनी दिसला पाहिजे.

माझ्याकडे भावानं पाठवलेला एकच फोटो होता. बाजूनं टिपलेलं अख्खं जहाज आणि कठड्याशी खलाशी रांगेत उभे. भाऊ पाच फूट चार इंच. बाकीचेही तेवढेच धरले आणि कर्कटकानं एका खलाशाच्या उंचीवरून सगळं जहाज मोजून काढलं. दोनशे फुटांना एक फूट असं प्रमाण घेतलं, तेव्हा जहाज पावणेदोन फूट भरलं आणि भाऊ तुरीच्या दाण्याहून जरासा उंच. रुंदी त्या फोटोत कुठून दिसणार? पत्रात आकडे लिहायची त्याला मनाई. विचारलं तर उत्तर आलं, "जिनिंगमधल्या कापसाच्या ओट्याएवढी." मी टेप घेऊन ओटा मोजून आलो. रखवालदाराला वाटलं, मास्तर जिनिंग विकत घेतायत.

सागवानाच्या ठोकळ्यातून जहाज तासायला घेतलं. पहिल्याचं नाक वाकडं आलं, फेकलं. दुसऱ्याला चीर गेली. तिसरं जमलं. सायकल दुकानातल्या चाचांनी जुने स्पोक दिले, त्यांच्या डोलकाठ्या केल्या. छत्रीच्या काड्यांच्या तोफा. "मास्तर, ये तोप है के पिचकारी?" असं चाचा विचारायचे आणि स्वतःच कानस मारून तिचं तोंड गोल करून द्यायचे. बाजारात कुणीही हटकायचं, "गुर्जी, कोन्या नाल्यात सोडता?" चौदा महिने लागले.

भाऊ सुटीवर आला. जहाज पाहून म्हणाला, एक शिडी चुकीच्या बाजूला आहे. मी ती तिथल्या तिथं उपटून दुसरीकडे लावली आणि आईला हाक मारली. तिनं पदराला हात पुसले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं, कठड्याशी उभे केलेले इवलेसे खलाशी पाहिले.

"लय मोठं हाये गा," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

"तू कुठी असतं यात?" तिनं भावाला विचारलं.

त्यानं धुराड्याखाली, पाण्यात बुडणाऱ्या लाल भागावर बोट ठेवलं. "अठी. इंजिनापाशी."

"पान्याच्या खाली?"

"हो, माय."

"उघडून दाखव मले."

मी सांगितलं, उघडत नाही, आत नुसतं लाकूड आहे. ती चिडलीही नाही. "मंग यात याची जागाच नाही," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मला असा संताप आला! पण ती खरं बोलली होती आणि तेच जास्त झोंबलं. तोफा मोजून लावल्या होत्या, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप त्यालाच ठेवायला जागा नव्हती. सुटीचे नऊ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज ओसरीवर घेतलं आणि धुराड्यामागून करवत आरपार चालवली. "दादा, नको ना," भाऊ म्हणत राहिला. दोन तुकडे झाले. मग मी पटाशीनं कोरत गेलो आणि तो शेजारी बसून सांगत गेला: इथं इंजिन, इथं चालायची पट्टी, इथून वर जाणारी शिडी, तिच्या पायऱ्या अकरा, वर लोखंडी झाकण.

सात दिवसांनी आईला पुन्हा बसवलं. तिनं पायऱ्या मोजल्या. पत्र्याचं झाकण नखानं हलवलं.

"हे कायले?"

मी भावाला डोळ्यांनी खुणावलं, थाप मार. त्यानं मारली नाही. "पानी शिरलं का वरून बंद करतात, माय. बाकीचं जहाज वाचते."

"अन् खालचे?"

त्यानं झाकण बोटानं परत बसवलं. आई त्या कोरलेल्या जागेकडे बराच वेळ पाहत बसली. मला वाटलं, संपलं. मीच माझ्या हातानं भावाला कैदेत घातलं.

जायच्या दिवशी तिनंच पेटी ओढत दारात आणली. "इतके दिवस तू कुठी हायेस तेच मले दिसे ना," ती म्हणाली. "आता दिसन." मग ती रडली, आणि आम्हीही.

त्याला मोटारीत बसवून घरी आलो. दोन तुकडे जोडायला सरसाचं भांडं चुलीवर ठेवलं. आईनं ते उतरवलं.

"राहू दे तसंच," ती म्हणाली. "अन् ते झाकन काढून टाक."