कमाल वकिलाचा मेलेला निकाल

केळशीच्या तांडेलाचा मुलगा कमाल वकील होऊन पंचावन्न साली रत्नागिरीच्या कोर्टात आला, तेव्हा बाररूमच्या लायब्ररीतली सगळी बुकं पाठ असल्यासारखा वागायचा. अर्ध्या हळकुंडाने पिवळा, दुसरं काय!

पहिलीच स्वतंत्र केस मिळाली लांज्याच्या यमुनाबाईची. घरमालकाने तिला भाड्याच्या घरातून काढायला दावा लावला होता आणि त्या विधवेला दुसरं छप्पर नव्हतं. घर सोडायची नोटीस मात्र त्याने पुऱ्या मुदतीची दिली नव्हती. अशी नोटीस रद्द, असा हायकोर्टाचा जुना निकाल कमालला सापडला आणि गडी टेबलावर थाप मारून उठला.

"हा निकाल अजून जिवंत आहे का रे?" त्याचे सीनियर आत्माराम वकील चष्म्यावरून बघत म्हणाले. "नंतरची बुकं कोण बघणार, तुझा बापूस?"

कमालने ती उपसली. सापडलं ते नेमकं नको तेच. मोठ्या बेंचने तो निकाल फिरवला होता! त्याच्या तोंडचं पाणी पळालं. समोरच्या वकिलाला याचा पत्ता नव्हता. गप्प राहिलं तर? पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं! आणि कोर्टाला फसवण्यापेक्षा बापाच्या गलबतावर दोर ओढलेले बरे.

"मग हरायचंच का?" त्याने चिडून विचारलं.

"तू वाचलंस काय? वरचा सारांशच ना? सारांश छापणारे लिहितात, निकाल न्यायाधीश देतात. बस खाली, नि शेवटचं पान आल्याशिवाय उठू नकोस."

कमाल हट्टालाच पेटला. डबा तसाच राहिला. शेवटी शेवटी न्यायाधीशांनी म्हटलं होतं, नोटीस घेऊन गप्प बसलेल्या भाडेकरूला मागाहून मुदतीची तक्रार करता येणार नाही. लगेच हरकत घेणाऱ्याला मात्र जुनाच नियम लागू. कमालने घाईघाईने केसच्या कागदांतून मालकाची कोर्टात झालेली जबानी काढली. बाई किती भांडकुदळ आहे हे दाखवायला मालकच बोलून गेला होता, "नोटीस मिळाली त्याच दिवशी ही माझ्या अंगणात येऊन बोंबलली, 'मेल्या, महिनाही पुरा देत नाहीस!'"

कोर्टात कमालने दोन्ही निकाल स्वतःहून पुढे ठेवले, मग ती जबानी वाचली. मालकाचा दावा फेटाळला गेला.

यमुनाबाईला व्हरांड्यात सगळं समजावून सांगितलं, तशी तिने पदराने डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवले.

"म्हंजे माझ्या तोंडानं घर राखलंन! मग तू रे काय केलंस?"

"मी शेवटपर्यंत वाचलं, मावशी," कमाल म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा."