दोन गिटारींची वाटणी

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती करायची. घरात सगळ्यांत लहान, म्हणून लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती 'धाकटी'च झाली. गिटार ती कुणाकडे रीतसर शिकली नव्हती. रेडिओवर गाणं लागलं की ते तारांवर शोधत बसायचं, एवढीच तिची शाळा. नवऱ्याला सुरांचं वावडं. 'तुझं वाजवून झालं का, की अजून गिटार लावतेयस?' असं तो अगदी निरागसपणे विचारायचा.

वरच्या मजल्यावर तिची मोठी नणंद राहायची. ताई गिटारच्या शिक्षिका. पाठ ताठ, डावा पाय छोट्या स्टुलावर, उजव्या हाताची नखं घासून गुळगुळीत. जुन्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचनांखेरीज दुसरं काही वाजवणं म्हणजे त्यांच्या लेखी वेळेची नासाडी. एक निवृत्त कंपाउंडर वर्षानुवर्षं त्यांच्या जोडीला वाजवायचे. ते मुलीकडे परगावी राहायला गेले आणि जोडी फुटली. मग ताई एकट्याच आपला भाग वाजवायच्या. दुसऱ्या गिटारीची पाळी आली की नुसती मान हलवून थांबायच्या. खाली पोळपाट धुताना धाकटीला ते फोनवरच्या बोलण्यासारखं वाटायचं. एकाच बाजूचं ऐकू यायचं.

शेवटी एका रविवारी ती जिना चढून वर गेली.

"ताई, मी वाजवू का तुमच्याबरोबर?"

"नोटेशन वाचता येतं तुला?"

"अडखळत. पण कानाने उचलते."

"उचलायला ते काय पोतं आहे?" असं म्हणत का होईना, ताईंनी तिच्यासाठी खुर्ची सरकवली.

पण कंपाउंडरांचा भाग धाकटीच्या बोटांना झेपेना. दुसरी कुणी असती तर हात टेकले असते. हिने वेगळंच डोक्यात घेतलं. ताईंना आवडणारी एक संथ पियानोची रचना होती. तीच दोन गिटारींसाठी स्वतः बसवायची. त्यात काय, पियानोवाल्याचा उजवा हात ताईंना द्यायचा आणि डावा आपण घ्यायचा!

बोलणं सोपं होतं. तो डावा हात खर्जात जिथवर उतरायचा, तिथवर गिटार पोचतच नव्हती. धाकटीने पट्टी वर चढवली, स्वतःची सगळ्यांत जाड तार थोडी सैल करून खाली उतरवली, आणि तरीही एकही स्वर सोडायचा नाही असा हट्ट धरला. पहिल्यांदा दोघींनी ते वाजवलं तेव्हा सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याला तिने विचारलं, "चाल कळली?"

"चाल? मला वाटलं तुम्ही भांडताय."

ताई पोट धरून हसल्या. धाकटीला मात्र त्यात उपाय सापडला. नवरा गुणगुणू शकला तर रचना जमली. नाही तर स्वर जास्त झाले. मग ती एकेक स्वर खोडत गेली. सुरुवातीला जीव तुटायचा. पण जे उरलं ते मोकळं वाजायला लागलं, आणि एके दिवशी नवरा भांडी पुसता पुसता तीच चाल गुणगुणला. बेसूर होता, पण चाल तीच होती.

तरी ताईंची तक्रार होतीच. "सगळी मिरवणूक मला आणि तू नुसती हमाली करणार? अगं, दोघींनी वाजवायचं ना? दुसऱ्या फेरीला चाल तू घे. मी खाली आधार देते."

"मला जमेल?"

"न जमायला काय झालं? हळू घे."

ती रचना बसली आणि धाकटीची भीड चेपली. तिने एक गाणं पुढे केलं. रिक्षावाल्यापासून न्हाव्यापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं, पॉप. ताईंनी नाक मुरडलं. "त्यात आहे काय? चार कॉर्ड आणि उसासे."

"मग तर तुम्हाला अगदीच सोपं जाईल."

हे ताईंना बरोबर झोंबलं. त्या स्टुलावर पाय ठेवून बसल्या आणि पहिल्याच कडव्यानंतर अडकल्या. धृपदात गायिका एक स्वर लांबच लांब धरायची. गिटारीचा स्वर तर छेडल्या क्षणापासून विझायला लागतो. पुन्हा पुन्हा छेडून पाहिला, तर दार ठोठावल्यासारखं वाटे. ताई म्हणाल्या, "बघ, म्हणून म्हणते, प्रत्येक गोष्ट गिटारीवर ओढून आणू नये."

उत्तर गच्चीवर सापडलं. दोघी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. ताई आपली टोकं घेऊन पुढे आल्या, धाकटीने ती धरली, आणि मगच ताईंनी सोडली. धाकटी तिथेच थबकली.

"ताई, स्वर पण असाच द्यायचा! तुमचा विझायच्या आत मी तोच हळूच छेडते. तुम्ही सोडायच्या आधी मी धरलेला पाहिजे."

चादर तशीच कठड्यावर टाकून दोघी खाली धावल्या. धाकटीने तोच स्वर जाड तारेवर, वरच्या पडद्यावर घेतला. तिथे तो जरा मऊ लागतो. स्वर एका गिटारीतून दुसऱ्या गिटारीत गेला आणि सांधा कळलाच नाही. ताईंनी पाय स्टुलावर नीट रोवला. मग म्हणाल्या, "पुन्हा."

हिवाळ्यात वाचनालयाच्या खोलीत ताईंच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम झाला. शेवटी या दोघी बसल्या. पियानोची रचना लोकांनी शांतपणे ऐकली. पॉपचं गाणं सुरू झालं तशी मागच्या रांगेतली एक आजी गायला लागली. मग तिच्या शेजारचे, मग अख्खी खोली. गात होते मनापासून, पण भलतंच सावकाश. धाकटीला घाम फुटला. एवढी घासूनपुसून केलेली वाटणी आता कोलमडणार! तिने ताईंकडे पाहिलं. ताईंनी डोळ्यांनीच 'सोड' म्हटलं आणि चाल लोकांना देऊन टाकली. त्या चक्क कॉर्ड वाजवू लागल्या, तेच चार. धाकटीनेही आपली चाल सोडली आणि खर्ज धरला. तो लांब स्वर आला तेव्हा तो कुणाकडे द्यायची गरजच नव्हती. खोलीभर माणसं तो धरून होती. नवराही. त्याच्या शेजारच्या बाईंनी जरा दचकून त्याच्याकडे पाहिलं, एवढंच.

घरी येताना ताईंचा चेहरा लाल झाला होता. "वात्रट आहेत लोक," त्या म्हणाल्या, आणि हसू काही आवरेना.

पुढे ताईंच्या विद्यार्थ्यांनी या रचना मागून घेतल्या. धाकटी दुकान सुटल्यावर नवीन बसवायला लागली. कधी जुनी शास्त्रीय, कधी रेडिओवरची. ताईंनाही हुरूप आला. पण त्यांना स्वर खोडवत नाहीत. परवा भाजीवाल्याच्या मोबाइलवर ऐकलेलं एक गाणं घेऊन त्या खाली आल्या आणि धाकटीपुढे पान ठेवलं. पानावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती.

"ताई, एवढं सगळं वाजवायला आणखी दोन नणंदा लागतील."

"मग तूच काप. पण मधलं ते वळण ठेव हं, ते छान आहे."

धाकटीने पेन्सिल उचलली. ताईंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अरे, चहा टाक आणि ये इकडे. चाल कळते का सांग."