मरियाबाई आणि फुकटची सिस्टिम

सोनईच्या मरियाबाई दूधसुद्धा वास घेतल्याशिवाय तापवत नाहीत. फुकटच्या वस्तूला तर हातच लावत नाहीत. भाजीवाल्यानं वर कोथिंबीर टाकली, तरी ती उचलून त्याच्या टोपलीत परत ठेवतात. लहानपणी शाळेच्या वाटेवर पोरं मागून ओरडायची, "पावडरीच्या दुधावर धर्म विकला." ख्रिस्ती झालेल्या आजोबांनी पावडर कधी पाहिलीही नव्हती, पण बोल घरात राहिला तो राहिलाच.

चर्चची किल्ली त्यांच्या कमरेला असते. रविवारी भिंतीवर गाणी दाखवणारा कॉम्प्युटरही त्यांच्याच ताब्यात. नाताळ तोंडावर आला आणि कॉम्प्युटर रखडायला लागला. दीर इसहाक, निवृत्त मास्तर, पेनड्राइव्ह घेऊन आले.

"वहिनी, यात विंडोज काढून लिनक्स टाकतो, दुसरी सिस्टिम. मोफत आहे. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय."

"अन् त्यांना काय मिळतं?"

"काही नाही."

"मंग तर न्हाईच टाकायचं. असा मानूस मी अजून बघितला न्हाई, भावजी."

मास्तर हसले. "अहो, आत्ताची विंडोजही फुकटचीच. दुकानदारानं चोरून टाकलेली. पावती आहे का?"

पावती नव्हती. मरियाबाई बाकावर बसल्या. म्हणजे इतके नाताळ देवाची गाणी चोरीच्या मालावर म्हटली. डोळे मिटून त्या ओठांतल्या ओठांत काही बोलल्या.

"टाका. पन माझ्यासमोर. अन् एक बी गानं जाता कामा न्हाई."

गाणी शाबूत राहिली. त्यांनी एकेक उघडून पाहिलं, तरी विचारलंच, "हे आपलं बोलनं ऐकत तर न्हाई ना?"

मास्तरांना मात्र जोर चढला. "आता चर्चच्या मंडळीत घरोघर जातो. मग शाळा, मग सगळी सोनई."

कुलूप लावता लावता मरियाबाई थांबल्या. "कुनी बोलावलंय?"

"चांगली वस्तू सगळ्यांकडं पोचायला नको?"

"चांगली असंल. पन आपन फुकटचं घेऊन दारोदार फिरलो, की लोक वस्तू न्हाई बघत, आपल्याला बघतात. कशापायी वाटतोय, मागं कोन हाय. ते पावडरीचं बोलनं मला परत ऐकायचं न्हाई. मागाया आला त्याला द्या, बसून शिकवा. न बोलावता कुनाचा उंबरा चढायचा न्हाई."

मास्तर पेनड्राइव्ह खिशात टाकणार, तोच मरियाबाईंनी हात पुढं केला.

"इकडं द्या. किल्लीपाशी ऱ्हाईल. ज्याला पायजे, त्याला माझं घर ठाऊक हाय."

आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.