इतिवृत्ताची वाट न पाहता

व्यवस्थापन परिषदेवर निवडून आले त्या आठवड्यात माझे पाय जमिनीवर नव्हते. मंद्रूपच्या कॉलेजात मराठी शिकवणारी मी, आणि विद्यापीठाचा कारभार जिथे ठरतो त्या टेबलाला आता माझी खुर्ची! पहिल्या सभेला सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घरून निघताना कपाटातली नवी इरकल काढली. नवरा म्हणाला, "सभेला चाललीस की लग्नाला?" सात रस्त्याला रिक्षा अडकली, तेव्हा रिक्षावाल्याच्या आधी मीच पुढच्या गाड्यांवर ओरडले.

हा हुरूप नुसता खुर्चीचा नव्हता. विषयपत्रिकेत अगदी शेवटाकडे आमचा विषय होता : मंद्रूपच्या कॉलेजला परीक्षा केंद्र देणे. आमच्या मुलांना परीक्षेसाठी सोलापूर गाठावं लागे. इतरांना ती दगदग होती, पण तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीचं सगळं त्यावर अडलं होतं. लग्न होऊन गावात आलेली, हुशार, वर्गात प्रश्न विचारून मला घाम फोडणारी. तिचं बाळ तीन महिन्यांचं, अंगावर पिणारं. सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "लेकराला सोडून सोलापूरला जायचं न्हाय. हितं पेपर असंल तर जा, मी बघते त्याला." घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत. ती मला म्हणाली, "मॅडम, सेंटर हितं पडलं तर बसते. न्हायतर शिक्षण संपलं म्हणा की." मी तिला शब्द देऊन बसले.

सभेचा पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. मागच्या वेळी काय काय ठरलं, त्याच्या लेखी वृत्तांतावर शिक्कामोर्तब करायचं. सगळे "कायम" म्हणाले, म्हणून मीही म्हणाले. मग पाण्याची टाकी, वसतिगृहाच्या खिडक्या, बागेचा ठेका असे विषय झपाझप संपले. गाडी अडली ती पाहुण्यांच्या सत्कारावर. शाल द्यावी की सोलापुरी टॉवेल?

"आपल्या गावात एवढं विणलं जातं आणि आपण परगावची शाल घालायची?" एक सदस्य तावातावाने म्हणाले.

"टॉवेल देऊन पाहुण्याला काय आंघोळीला पाठवायचंय?" समोरचे सदस्य म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मलाही चेव आला. मी टॉवेलच्या बाजूने कडाडून भांडले. जेवणाची वेळ झाली म्हणून तो विषय पुढे ढकलला. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर मात्र कुणाचा मतभेद नव्हता.

जेवणानंतर सगळ्यांचे डोळे जड. कुलसचिव विषय वाचत, टेबलाभोवतून "मंजूर" असा आवाज येई. आमचा विषय पुकारला. मी भाषण पाठ करून गेले होते, पदर सावरून उठायच्या बेतात होते, तोवर "मंजूर!" झालंसुद्धा. मी तशीच बाहेर व्हरांड्यात धावले आणि तिला फोन लावला. ती अशी किंचाळली की बाळ दचकून रडायला लागलं आणि मागून सासूबाई ओरडल्या, "काय झालं गं?" मला हसू आवरेना.

माझ्या शेजारी बसणारे निवृत्त प्राचार्य पाणी प्यायला बाहेर आले होते. परिषदेवर त्यांची बरीच वर्षं गेलेली. म्हणाले, "बाई, पेढे इतक्यात वाटू नका. ठराव झाला, पण पत्र निघतं इतिवृत्त कायम झाल्यावर."

"म्हणजे कधी?"

"पुढच्या सभेत."

पुढची सभा परीक्षा उरकल्यावर होती. मला असा राग आला! "मग मंजूर कशाला म्हणता?"

"रीत आहे ती. ज्याला घाई असते तो विषयाला एक वाक्य जोडून घेतो : इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करावी. तुम्ही मंजूर ऐकलंत आणि पळालात. आता पळा आत. आभार मानले की सभा संपली."

निऱ्या हातात धरून मी धावले. आत एक सदस्य आभाराला उभे होते. "थांबा!" मी ओरडले. कुलगुरू म्हणाले, "बोला बाई." पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. "आमच्या केंद्राला ते वाक्य जोडा. वाट न पाहता."

"प्रत्येकालाच तातडी असते," शालवाले म्हणाले. "तुमची काय आहे?"

"तीन महिन्यांचं बाळ आहे. त्याला पुढची सभा कळत नाही, भूक कळते. त्याची आई परीक्षेला बसणार की नाही, ते या एका वाक्यावर आहे."

मग टॉवेलवाले म्हणाले, "लिहा हो."

"मी कुठं नाही म्हणतोय?" शालवाले उसळले. "माझं अनुमोदन लिहा." त्या दिवसात त्या दोघांचं जमलं ते एवढंच. मला तिथल्या तिथे रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पहिल्या पेपरला मी वर्गाबाहेर उभी होते. मागच्या गल्लीतून बाळाचं रडणं ऐकू आलं. तिचं पेन थांबलं, मान खिडकीकडे वळली. रडणं हळूहळू थांबलं आणि तिने पुन्हा मान खाली घातली. घंटा होताच ती चपला हातात घेऊन घराकडे पळाली.

पुढची सभा निकालानंतर झाली. पहिला विषय इतिवृत्ताचा. सत्काराचा विषय पुढे ढकलला की फेटाळला, यावर शाल आणि टॉवेल पुन्हा भिडले. या वेळी मी गप्प होते, कारण टेबलाखाली तिचा निरोप वाचत होते : "मॅडम, फर्स्ट क्लास! सासूबाई इचारत्यात, एम.ए.चं बी हितंच हुतंय का वो?"

भांडण मिटवून कुलसचिव पुढे सरकले. "मंद्रूप परीक्षा केंद्र. कायम करायचं?"

"कायम!" मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारचे प्राचार्य दचकले.

"अहो बाई, आता कसली घाई?" ते हळूच म्हणाले.

मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून निरोप वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्यापेक्षाही मोठ्याने म्हणाले, "कायम!"