मिठाची मूठ

सुरमईला मीठ चोळताना आज तानाजी आठवला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

आखातात नोकरीला असताना इंटरनॅशनल सिटीतल्या खोलीत आम्ही एकाच कंपनीतले सहा जण राहायचो. तानाजी साइटवर, मी ऑफिसात. मोबाईलवर जपानी सुमो कुस्ती बघायचं वेड आम्हा दोघांनाच. तानाजी गावाकडचा पैलवान. स्वयंपाकाची पाळी आली की तोही, सुमोवाले कुस्तीआधी रिंगणात उधळतात तशी, मिठाची मूठ वर उधळून मगच आधणात टाकायचा. निम्मं मीठ ओट्यावर सांडायचं.

एका शुक्रवारी जेवताना बातमी आली. आमच्या आवडत्या पैलवानाने इतक्या कुस्त्या मारूनही सुमोच्या कमिटीने त्याला वरचा दर्जा नाकारला होता. मी ताट आपटलं. “त्या कमिटीत एकालाही तोंड नाही का? अजून किती जिंकायचं त्याने?”

तानाजी भात कालवत म्हणाला, “जाऊ दे रे. माझंबी कालच खलास झालं. फोरमन दुसऱ्यालाच केला.”

तीन वर्षं फोरमनचं काम तोच करत होता.

“इन्शाल्ला, पुढच्या वर्षी,” मी म्हणालो आणि पुन्हा कमिटीला शिव्या घालू लागलो.

नव्या फोरमनांची यादी मीच टाइप केली होती. साहेबांसमोर, मुकाट्याने.