निर्माल्याची पिशवी

देवासच्या त्या गल्लीला कचरा वेगळा करायला शिकवलं ते भास्कररावांनी. मराठी शाळेतून रिटायर झालेले मास्तर. हातातली छडी गेली, सवय थोडीच जाते! कचरागाडीचं गाणं वाजलं की ओट्यावर हजर. "भिया, छिलके गीले में, थैली सूखे में!" लोक हसायचे, पण ऐकायचे.

मग त्यांच्या बायकोला, माईंना अर्धांग झालं. जन्मभर कडक सोवळं पाळलेली बाई अंथरुणाला खिळली आणि डायपर लागू लागले. नियम असा, की डायपर कागदात गुंडाळायचा, वर लाल खूण करायची आणि गाडीच्या वेगळ्या डब्यात टाकायचा. सगळ्यांदेखत.

"अहो, गल्लीला कळू देऊ नका," माई म्हणाल्या. "एवढंच मागते."

बायकोने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. आता या शहाण्या माणसाने काय करावं? त्यांनी डायपर निर्माल्याच्या पिशवीत घातले, वर देवाची फुलं पसरली आणि गाठ मारली. देवाच्या फुलांत कोण डोकावणार! गाडीवरची विनीता तर ती पिशवी कपाळाला लावून निर्माल्याच्या निळ्या ड्रममध्ये ठेवायची. तेवढ्यापुरते भास्करराव तोंड फिरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच करायचे.

तीन आठवडे निभावलं. पण फुलांचं खत करतात तिथून तक्रार आली, आणि पिशव्या गाडीवरच उघडून बघायचा हुकूम निघाला. विनीताने गाठ सोडली.

"हे राम! बाबूजी, भगवान के फूलों में ये?"

बिचारीच्या तोंडून निघून गेलं. तिचा काय दोष? गल्ली थबकली. माईंची खिडकी उघडीच होती.

भास्करराव आत आले. माई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"फुलांत घातलंत?" एवढंच विचारलं.

त्या दिवसापासून पाण्याचा चमचा पुढे केला की माई ओठ मिटून घ्यायच्या. "नको. कमी प्यायलं की कमी लागतं." भास्कररावांनी समजावलं, ओरडले, पाय धरून रडले. डॉक्टरांनी सलाइन लावलं, तोवर उशीर झाला होता. नवव्या दिवशी माई गेल्या. कागदावर किडनी लिहिलं आहे. काय लिहायला हवं होतं, ते भास्कररावांना ठाऊक आहे.

आजही ते गाडीचं गाणं वाजताच बाहेर येतात. आता कुणाला काही शिकवत नाहीत. ओला डबा, सुका डबा देतात, मग पिशवी.

"रहने दो बाबूजी, मत खोलो," विनीता दुसरीकडे बघत म्हणते.

ते ऐकत नाहीत. गाठ सोडतात, माईंच्या फोटोचा सुकलेला हार बाजूला करून पिशवीचा तळ दाखवतात.

"देख ले बेटी. सिर्फ फूल हैं. अब घर में और कुछ नहीं निकलता."