मोहऱ्यानं नाकारलेली कढी

मी लिहावं की नाही, याची मला अजून शंका आहे. आमच्या घराण्यात शिकलेला मीच पहिला. चार वर्षं पलटणीत बंदूक वाहिली, गुडघा निकामी झाल्यावर नाव कमी झालं. आता पुण्याच्या कॉलेजात माझ्याहून लहान मुलांच्या शेजारी बसतो. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस येणं थांबलं होतं आणि वऱ्हाडच्या कापसासाठी व्यापाऱ्यांची झुंबड उडाली होती. आमची बारा जणांची गार्ड अकोल्यात कापसाच्या गोदामावर होती. पाचला रोल कॉल, सहाला कवायत, मग पहारा. गार्डचे हवालदार गणूजी रिद्धपूरकडचे. त्यांचा सगळा जीव सरकारी गाडीच्या मोहऱ्या नावाच्या बैलावर.

पोळ्याच्या दिवशी सकाळी दहाला आमचा लांगरी सीताराम यानं आंबट ताकाची कढी केली आणि तांब्याच्या डेगीतच झाकून ठेवली. दुपारभर आम्ही मोहऱ्याला सजवलं. शिंगं रंगवली, झूल घातली, ताशा वाजवत मिरवून आणलं. शिस्तीतली माणसं नाचतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पाचला परतलो. रिवाजाप्रमाणे पहिला घास बैलाचा. सीतारामनं पुरणपोळीवर कढी ओतून घमेलं पुढे ठेवलं. मोहऱ्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"सीताराम, बैलबी तुही कढी पीत नाई," एक जण म्हणाला.

"बैलाले कढीची काय पारख? तुमी आहा ना."

"त्याले नुसतं गोडच लागते. तुमी लाडावून ठेवला," हवालदार म्हणाले आणि सगळ्यांआधी तीन वाट्या प्यायले. बैलाचं घमेलं गार्डच्या लाल्या कुत्र्यानं चाटून साफ केलं.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. नऊ जण पडले. मी आणि आणखी दोघं पहाऱ्यावर होतो, आमचं जेवण राहिलं होतं. हवालदारांचे हातपाय गार पडले. लाल्या गोदामाच्या दारात आडवा झाला, तो उठलाच नाही.

पावणेसहाला हवालदारांच्या वरचे जमादार साहेब आले. "लांगऱ्याला बांधा. काय घातलंस रे कढीत?"

"काई नाई, साहेब. आईची आण."

मी डेगीत डोकावलो. तळाला तांबं लाल चमकत होतं. कल्हईचा मागमूस नव्हता. आमच्या घरी एकच तांब्याचं भांडं होतं. कल्हई उडाली की आई त्यात ताक ठेवू देत नसे. मी टाचा जुळवून उभा राहिलो. समोर जमादार होते.

"साहेब, कढी कळकली आहे."

"नीट सांग."

"कल्हई नाही. आंबट पदार्थ दिवसभर उघड्या तांब्याला लागून राहिला आणि त्याचं विष झालं. हळदीमुळे हिरवट रंग कळला नाही."

"कल्हई काहून नाई केली?" हवालदारांनी पडल्या पडल्या विचारलं.

"कल्हईवाला अमरावतीले रुईचे गठ्ठे दाबाले गेला, साहेब. तिकडं मजुरी जास्त. भांडे घेऊन कोणाकडं जाऊ?" सीताराम रडत होता.

जमादारांनी त्याला सोडायला सांगितलं. पलटणीच्या डॉक्टरांनी सगळ्यांना दूध आणि अंड्याचा पांढरा बलक पाजला. सातच्या सुमारास हवालदार भिंतीला टेकून बसले.

"आता कसं वाटते?" सीतारामनं विचारलं.

"पुरणपोळी उरली का?"

नऊ आजारी माणसं पोट धरून हसली. मोहऱ्याला दोन कोऱ्या पोळ्या मिळाल्या. त्यानं त्या लगेच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी लाल्याला आम्ही लिंबाखाली पुरलं. बारा जण फॉल इन होऊन उभे राहिलो. हुकूम कोणी दिला नव्हता.

गेल्या आठवड्यात सीतारामनं लिहवून घेतलेलं पत्र आलं. हवालदार गणूजी वारले. पेन्शनीवर जाताना त्यांनी म्हाताऱ्या मोहऱ्याला मागून घेतलं होतं. दर पोळ्याला सीताराम नव्या कल्हईच्या भांड्यातली कढी घेऊन त्यांच्या गावी जाई, आणि मोहऱ्यानं चाखल्याशिवाय हवालदार ती कोणाला वाढू देत नसत. यंदा हवालदार खाटेवर होते. मोहऱ्यानं घमेलं चाटून पुसून साफ केलं, ते त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "पास आहे. आता वाढा."